जुनी गाडी, लांबचा पल्ला: निघण्याआधी नेमकं काय बदलायचं?

लांबच्या प्रवासाला जुनी गाडी काढायची ठरली की घरात दोन पक्ष पडतात. आमच्याकडेही पडले. आजीला गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी हिवरखेडहून पुण्याला न्यायचं होतं. तिला जिने चढवत नाहीत, रेल्वेच्या पुलावरून जाणं तर शक्यच नव्हतं. म्हणून घरची गाडी. ती गाडी १७ वर्षांची, छोटी, पेट्रोलवर चालणारी. हातात पंधरा दिवस आणि तयारीसाठी दहा हजार रुपये. महिना मे.

मिस्त्रीचं म्हणणं, "पुरंच बदलून टाका भाऊ, मंग टेन्शन नाही." काकांचं म्हणणं, "चालू हाय ना बापा, मंग कायले हात लावता?"

माझं पीएचडीचं काम यंत्रांच्या बिघाडांच्या नोंदींवर आहे, त्यामुळे दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. दोघांचंही अर्धं बरोबर होतं. कोणतं अर्धं, ते या लेखात सांगतो. गाडीचं उदाहरण घेतलंय, पण संशोधनाची तयारी करणाऱ्यांना हेच सगळं प्रयोगशाळेत भेटणार आहे. विभागातलं जुनं यंत्र सलग ७२ तास चालवायचं असतं, तेव्हा तोही लांबचा पल्लाच असतो.

बिघाड तीन प्रकारचे असतात

"जुनं झालं की बिघडतं" हे आपण गृहीत धरतो. पण नोंदी मांडून बघितल्या तर तीन वेगळी चित्रं दिसतात.

पहिलं चित्र: भाग नवा असतानाच बिघडतो. बनावटीत दोष असतो किंवा बसवताना काहीतरी राहतं. क्लिप सैल, वायसर उलटा, नट कमी आवळलेला. असे बिघाड सुरुवातीलाच दिसतात आणि मग कमी होत जातात.

दुसरं चित्र: बिघाडाचा वयाशी संबंधच नाही. टायरमध्ये खिळा घुसणं, काचेवर गोटा उडणं. नव्या टायरलाही खिळा तितकाच लागतो.

तिसरं चित्र: झिजून बिघडणं. ब्रेकचे पॅड, क्लच प्लेट, टायमिंग बेल्ट, रबरी पाइप. वापर वाढतो तशी बिघाडाची शक्यता चढत जाते.

हे तिन्ही एकाच आलेखावर काढले तर आकार आंघोळीच्या टबासारखा येतो: सुरुवातीला उंच, मध्ये सपाट, शेवटी पुन्हा उंच. वालोडी वायबुल या स्वीडिश अभियंत्याचा १९५१ सालचा एक शोधनिबंध या विषयात सगळ्यांना वाचावा लागतो. त्याच्या सूत्रात 'बीटा' नावाची एक संख्या आहे. बीटा १ पेक्षा कमी म्हणजे पहिलं चित्र, १ म्हणजे दुसरं, १ पेक्षा जास्त म्हणजे तिसरं. म्हणजे "हा भाग बदलू का?" हा प्रश्न खरं तर "याचा बीटा किती?" असा आहे. बीटा १ पेक्षा जास्त असेल तरच जुना काढून नवा टाकण्यात फायदा. नाहीतर पैसे देऊन आपण नवा धोका घरी आणतो.

"पुरंच बदला" यात अडचण काय?

थोडा हिशोब करू. हे आकडे समजण्यासाठी घेतलेत, कोणत्या खऱ्या गाडीचे नाहीत. समजा मिस्त्री चांगला आहे आणि १०० पैकी ९८ वेळा भाग अगदी नीट बसवतो. एक भाग बदलला तर चूक राहण्याची शक्यता २ टक्के. काहीच नाही. पण एकाच वेळी २० भाग बदलले तर? सगळेच्या सगळे नीट बसण्याची शक्यता म्हणजे ०.९८ चा विसावा घात, साधारण ०.६७. म्हणजे कुठेतरी एक चूक राहिली असण्याची शक्यता ३३ टक्के! पाचच भाग बदलले तर हीच शक्यता १० टक्क्यांच्या खाली राहते.

आता दुसरी बाजू. समजा एका बेल्टचा बीटा ३ आहे आणि वायबुलच्या सूत्रातलं त्याचं आयुष्य एक लाख किलोमीटर. तो ८० हजार किलोमीटर चालला आहे. पुण्याला जाऊन-येऊन अकराशे किलोमीटर धरले, तर तेवढ्या अंतरात तो तुटण्याची शक्यता २ टक्क्यांच्या जवळपास येते. जुना ठेवला तर २ टक्के, नवा टाकताना चूक होण्याची शक्यताही २ टक्के. मग फरक काय? फरक असा की बसवण्यातली चूक लवकर दिसते, आणि गावाजवळ दिसली तर दुरुस्त करता येते. झिजलेला बेल्ट मात्र पुढच्या प्रत्येक किलोमीटरला आणखी झिजतच जातो. म्हणजे बदलायचा, पण आधी बदलायचा आणि मग चालवून बघायचा. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी बदलायचा नाही.

हे युद्धात एका जीवशास्त्रज्ञाला दिसलं

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या कोस्टल कमांडची लिबरेटर विमानं जर्मन पाणबुड्या शोधायला जायची. दर ५० तासांच्या उड्डाणानंतर त्यांची ठरलेली तपासणी व्हायची. अपेक्षा अशी की तपासणीनंतर बिघाड कमी होतील आणि पुढची तपासणी जवळ येईल तसे वाढत जातील. सी. एच. वॉडिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदी काढून मांडल्या, तर उलटंच निघालं. अचानक उद्भवणारे बिघाड तपासणीच्या लगेच नंतर सर्वात जास्त होते आणि मग हळूहळू कमी होत होते.

म्हणजे नीट चाललेलं यंत्र उघडून, हात लावून, परत बसवताना नवे दोष तयार होत होते. तपासणीची पद्धत आणि अंतर बदलल्यावर उपयोगी उड्डाणाचे तास सुमारे ६० टक्क्यांनी वाढले. आज याला 'वॉडिंग्टन परिणाम' म्हणतात.

यात विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावं असं एक आहे. वॉडिंग्टन हे विमानांचे अभियंते नव्हते, भ्रूणशास्त्र आणि आनुवंशशास्त्रातले होते. त्यांनी इंजिन उघडलं नाही, नोंदवह्या उघडल्या. बिघाड कधी झाला, शेवटचा हात कधी लागला होता, एवढ्या दोन रकाने असलेल्या वहीतून हा शोध निघाला.

पुढे १९७८ मध्ये नोलन आणि हीप यांनी युनायटेड एअरलाइन्सच्या विमानांवरचा अहवाल लिहिला. त्यात विमानातल्या भागांपैकी फक्त ११ टक्के भागांत वयाबरोबर बिघाड वाढताना दिसला. पण थांबा, हा आकडा उचलून गाडीला चिकटवू नका. विमानात इलेक्ट्रॉनिक आणि गुंतागुंतीचे भाग खूप असतात. आपल्या जुन्या गाडीत रबर, बेल्ट, ब्रेक असे साधे झिजणारे भाग जास्त. दुसऱ्याचा निष्कर्ष घेताना तो कशावरून काढलाय हे बघावंच लागतं.

"आपल्याले तं कधीच काही झालं नाही"

आता काकांची बाजू. त्यांचा पुरावा असा की हा बेल्ट ८० हजार चालला, अजून तुटला नाही, म्हणजे मजबूत आहे. सांख्यिकीत अशा नोंदीला खंडित नोंद म्हणतात. आपल्याला फक्त एवढं कळलं की त्याचं आयुष्य ८० हजारापेक्षा जास्त आहे. किती जास्त, ते कळलेलं नाही. दहा हजार असेल, दहा किलोमीटरही असेल.

मिस्त्रीचा नमुना उलट्या बाजूने वाकडा आहे. त्याच्याकडे बंद पडलेल्याच गाड्या येतात. नीट चालणारी गाडी त्याला दिसतच नाही, म्हणून त्याला सगळंच धोक्याचं वाटतं. पारावर मात्र न बंद पडलेल्या गाड्यांच्याच गोष्टी रंगतात. दोघंही खोटं बोलत नाहीत. दोघांसमोरचा नमुना निवडून आलेला आहे, एवढंच. मुलाखती घेऊन संशोधन करणार असाल तर हे वाक्य वहीत लिहून ठेवा: समोरचा माणूस खरं सांगत असला तरी त्याच्यापर्यंत कोणत्या घटना पोहोचतात, हे आधी विचारा.

वऱ्हाडातला मे: इथे उष्णता हीच मुख्य अडचण

आमचा रस्ता तेल्हारा, शेगाव, खामगाव, चिखली, देऊळगाव राजा, जालना, छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर आणि पुणे असा होता. अकोल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. डांबर त्याहून कितीतरी तापतं. याचा गाडीवर होणारा परिणाम अंदाजाने बोलण्यापेक्षा मोजून बघू.

टायरमधली हवा तापली की दाब वाढतो. सकाळी २५ अंशांना ३२ पीएसआय हवा भरली. रस्त्यावर टायरमधली हवा ६० अंशांवर गेली तर तोच दाब सुमारे ३७.५ होतो. अकरावीतलं वायूचं सूत्र आहे, फक्त गेजच्या आकड्यात वातावरणाचे १४.७ मिळवायचे आणि तापमान केल्व्हिनमध्ये घ्यायचं. म्हणून हवा नेहमी टायर थंड असताना मोजायची. भर दुपारी गरम टायरमध्ये ३७ दिसले म्हणून हवा सोडून दिली, तर सकाळी ती कमी भरेल. कमी हवेचा टायर जास्त वाकतो, जास्त तापतो आणि फुटण्याचा धोका वाढतो.

टायरचं वय त्याच्यावरच लिहिलेलं असतं. बाजूला चार आकडी संख्या शोधा. २३१६ असेल तर २०१६ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसते म्हणून टायर चांगला, असं नाही. गाडी कमी फिरली तरी उन्हात रबर कडक होत जातं. कारच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर हवी हा नियम आहेच, पण कमी फिरणाऱ्या जुन्या गाडीत नक्षीपेक्षा वय आधी बघा. स्टेपनीचंसुद्धा. ती बहुतेक वेळा सगळ्यात म्हातारी असते.

रेडिएटरचं झाकण ही अशीच दुर्लक्षित वस्तू. दाबामुळे कूलंट १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाचं रबर गेलं की दाब टिकत नाही आणि घाट चढताना गाडी उकळते. स्वस्तातला भाग, पण सगळा प्रवास त्याच्या जिवावर.

घाटाखाली उतरताना ब्रेकचं काय होतं?

बुलडाणा जिल्ह्यात 'घाटावरचे' आणि 'घाटाखालचे' असं म्हणतात. पुण्याला जाताना खामगावच्या पुढे घाटावर चढायचं, येताना उतरायचं. उतारावर काय होतं ते समजायला आपल्या ओळखीचा चिखलदरा घेऊ. तिथून परतवाड्याला उतरताना साधारण ७०० मीटर उंची कमी होते. माणसांसह गाडीचं वजन १००० किलो धरा. वस्तुमान गुणिले गुरुत्व गुणिले उंची: सुमारे ६९ लाख ज्यूल. ही ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी. एवढ्या उष्णतेत ३० अंशांचं अडीच लिटरपेक्षा जास्त पाणी पूर्ण वाफ होऊन जाईल. गाडी वरच्या गिअरमध्ये ठेवून नुसता ब्रेक दाबत उतरलात, तर यातला मोठा वाटा चार चाकांच्या ब्रेकमध्ये जातो. खालच्या गिअरमध्ये उतरलात तर बराच भार इंजिन घेतं.

आता ब्रेक ऑइल. डॉट-३ प्रकारचं ताजं तेल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पण हे तेल हवेतलं पाणी ओढून घेतं. ३.७ टक्के पाणी शिरलं की ही हमी १४० अंशांवर येते. डॉट-४ मध्ये हेच आकडे २३० आणि १५५. तेल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते आणि पॅडल सरळ खाली जातं. गावातल्या गावात गाडी चालवताना हे कधीच कळत नाही, कारण तिथे ब्रेक तेवढे तापतच नाहीत. म्हणून मी याला लपलेला बिघाड म्हणतो: दोष आधीपासून असतो, फक्त तो तपासणारी परिस्थिती आलेली नसते.

दहा हजार कुठे लावायचे?

आमची बदलायची यादी सोळा गोष्टींची झाली आणि पैसे साताठ गोष्टींचे. इथे एक जुनी पद्धत वापरतात. अमेरिकी लष्कराने १९४९ मध्ये बिघाडाचे प्रकार आणि परिणाम अभ्यासण्याची कार्यपद्धती लिहून काढली. त्यातूनच पुढे उद्योगांमध्ये गुण देण्याची रीत रुळली. प्रत्येक बिघाडाला तीन गुण द्यायचे, प्रत्येकी १ ते १०: परिणाम किती वाईट, घडण्याची शक्यता किती, आणि आधी ओळखणं किती अवघड. मग तिन्हींचा गुणाकार.

मी दिलेले गुण बघा. ब्रेक ऑइल: परिणाम ९, शक्यता ३, ओळखणं ७. गुणाकार १८९. एसीचा गॅस: परिणाम ३, शक्यता ८, ओळखणं ८. गुणाकार १९२. म्हणजे ब्रेकच्या आधी एसी! हे कुणालाही पटणार नाही, आणि पटूही नये. गुण हे क्रम दाखवतात, ते किलो-मीटरसारखी मापं नाहीत. परिणामाचा ९ म्हणजे ३ च्या तिप्पट, असं काही नसतं. अशा आकड्यांचा गुणाकार केला की दिसायला गणित होतं, अर्थ मात्र हरवतो. प्रश्नावलीतल्या 'पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत' या गुणांची सरासरी काढण्याआधी हे उदाहरण आठवा. म्हणून आम्ही आधी परिणामाचा गुण ८ किंवा जास्त असलेल्या सगळ्या गोष्टी वेगळ्या काढल्या: ब्रेक, टायर, स्टिअरिंग, टायमिंग बेल्ट, इंधनाचा पाइप. त्या आधी तपासायच्या आणि लागेल तिथे बदलायच्या. उरलेल्या पैशांत बाकीचं.

पण एसीची गोष्ट इथे संपली नाही. मी ३ गुण दिले ते स्वतःचा विचार करून. मागच्या सीटवर ७४ वर्षांची आजी बसणार, बाहेर ४४ अंश. तिच्यासाठी एसी बंद पडणं ही नुसती गैरसोय नाही, जिवाशी येऊ शकतं. मग परिणाम ८ झाला आणि एसी वरच्या यादीत गेला. परिणाम हा भागाचा गुणधर्म नसतो. गाडीत कोण आहे त्यावर तो ठरतो. आणि निघायची वेळ पहाटे चारची केली, तर एकही रुपया न लावता निम्मा धोका टळतो, हेही त्याच चर्चेत सुचलं.

चाचणी प्रवास खऱ्या प्रवासासारखा हवा

पंधरा दिवसांची वाटणी अशी केली: पहिले तीन दिवस तपासणी आणि नोंद, पुढचे चार दिवस काम, मग एक आठवडा गाडीला पानाही लावायचा नाही, फक्त चालवायची. याच आठवड्यात अकोट, अंजनगाव, परतवाडा करून चिखलदऱ्याला जाऊन आलो. दोनशेच्या वर किलोमीटर, दुपारचं ऊन, चढ आणि उतार. गावातल्या गावात पाच चकरा मारून हे साधलं नसतं, कारण जी परिस्थिती तपासायची तीच तिथे नाही. तुमचा पथदर्शी अभ्यासही असाच हवा. मित्रांकडून प्रश्नावली भरून घेणं म्हणजे हिवरखेडच्या बाजारातून गाडी फिरवून आणणं.

परत आल्यावर कूलंटची पातळी बोटभर कमी दिसली. गळती नव्या बसवलेल्या पाइपच्या क्लिपपाशी होती. दहा मिनिटांत काम झालं. वॉडिंग्टनची आठवण झाली, पण एका क्लिपवरून सिद्धांत सिद्ध होत नाही, हेही सांगायला हवं.

अजून एक फरक लक्षात घ्या. प्लग, एअर फिल्टर आणि पेट्रोल फिल्टर एकदम बदलले आणि गाडीचे झटके थांबले, तर चालवणाऱ्याचं काम झालं. संशोधकाचं नाही. कशामुळे थांबले हे त्याला कळलेलंच नाही.

सोबत काय घ्यायचं

सगळे बिघाड टाळता येत नाहीत, काही फक्त सोसण्याजोगे करता येतात. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेन्झ दोन मुलांना घेऊन नवऱ्याने बनवलेल्या गाडीतून मानहाइमहून फोर्त्सहाइमला गेल्या, शंभरेक किलोमीटर. इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने साफ केली, आणि ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. गाडी बिघडली, प्रवास थांबला नाही. तेव्हा सोबत हे असू द्या: हवा भरलेली स्टेपनी, जॅक, पाना, जादा फॅन बेल्ट, फ्यूज, पाच लिटर पाणी, टोचनचा दोर, टॉर्च. कागदपत्रांत विमा, पीयूसी आणि १५ वर्षांनंतर नूतनीकरण केलेली नोंदणी. अडचणीत ११२.

आमची गाडी पुण्याला जाऊन परत आली, वाटेत थांबली नाही. पण यावरून तयारी बरोबर होती असं म्हणता येत नाही. तयारीशिवाय न थांबण्याची शक्यता समजा ८० टक्के असती आणि तयारीने ती ९५ झाली, तर एका फेरीवरून हा फरक कळूच शकत नाही. दोन्ही बाबतींत बहुतेकदा हेच घडलं असतं. काका म्हणतात, "पाहा, उगाच खर्च केला." मिस्त्री म्हणतो, "पाहा, म्या म्हटलं होतं."

म्हणून उरते ती वही. तारीख, किलोमीटर, कशाला हात लावला, त्यानंतर काय बिघडलं. तुमच्या विभागातल्या जुन्या यंत्राजवळ अशी वही नसेल तर यंत्र उघडण्याआधी ती सुरू करा. पहिल्या पानावर आजचं रीडिंग लिहा, आणि 'सध्या काय नीट चालतंय' हेही लिहा. हा रकाना बहुतेक नोंदवह्यांत नसतो.